पाहुण्या चाकांसाठी पकड : स्पर्धेतल्या रोबोचा रॅम्प नियमात राहून कसा बांधावा

विद्यार्थ्यांच्या रोबो स्पर्धांत काही खेळ असे असतात, की सामना संपत आला की एका संघाच्या रोबोने आपल्या अंगावरचा रॅम्प उघडून जमिनीवर टेकवायचा आणि त्याच बाजूने खेळणाऱ्या दुसऱ्या संघाच्या रोबोने त्यावर चढायचे. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, या स्पर्धेत २००७ साली ‘रॅक एन रोल’ नावाचा खेळ होता. सामना संपताना जोडीदार रोबो जमिनीपासून ४ इंच वर असला तर १५ आणि १२ इंच वर असला तर ३० गुण मिळत. २०१८ च्या ‘पॉवर अप’ खेळातही अनेक संघांनी जोडीदारासाठी उघडणारे रॅम्प बांधले होते. सरावात आपलाच रोबो असा रॅम्प सहज चढून जातो. सामन्यात मात्र अनोळखी संघाचा रोबो येतो, त्याची पुढची चाके रॅम्पवर टेकतात, जागच्या जागी गरगर फिरतात आणि वेळ संपते.

असे झाले की संघाला पहिला उपाय सुचतो तो पॉलिश पेपर चिकटवण्याचा. तो स्वस्त असतो, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि पकडही जबर देतो. पण तपासणीच्या टेबलावर तो काढायला लावण्याची शक्यता फार मोठी असते, आणि स्पर्धेच्या सकाळी रॅम्प उघडा पडला की पर्यायी सामान शोधायला वेळ उरत नाही. म्हणून रॅम्पच्या पकडीचा विचार रॅम्प कागदावर असतानाच करायला हवा. तो करताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा : ही पकड तुमच्या रोबोसाठी नाही, पाहुण्या चाकांसाठी आहे. तुमच्या चाकांचे रबर कोणते हे तुम्हाला माहीत असते. जोडीदाराच्या चाकांचे ते सामन्यांची जुळणी जाहीर होईपर्यंत माहीत नसते. म्हणून येऊ शकेल अशा सर्वांत कमकुवत चाकाला धरून रॅम्प बांधावा लागतो.

हातकणंगले तालुक्यातल्या मुलांसाठी हा विषय दूरचा नाही. इचलकरंजीची १९८२ साली सुरू झालेली डीकेटीई, अतिग्रे येथील संजय घोडावत विद्यापीठ, वाठारची अशोकराव माने संस्था अशा ठिकाणी या तालुक्यातच अभियांत्रिकी शिकवली जाते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना जास्त ओळखीची स्पर्धा म्हणजे रोबोकॉन. तिची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षे पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे आणि २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरीही पुण्यातच झाली. त्या वर्षीचा विषय होता ‘गोविंदा’, आपली दहीहंडी. रोबोकॉनमध्ये चढ बहुतेक वेळा मैदानाचाच भाग असतो. २०१६ च्या बँकॉकच्या खेळात छोट्या ‘इको रोबो’ला चढउतारांची वाट पार करायची होती आणि २०१९ च्या उलानबातरच्या खेळात चार पायांच्या रोबोला डोंगराचा चढ चढायचा होता. तिथे पकडीची जबाबदारी चाकांवर किंवा पायांवर येते. एफआरसीसारख्या स्पर्धेत, जिथे मुंबईचा ‘६०२४ आर फॅक्टर’ हा शाळकरी मुलांचा संघ उतरतो, ती रॅम्प बांधणाऱ्यावरही येते. हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

नियम कुठे अडवतो

‘पॉलिश पेपर चालतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण रॅम्पला पृष्ठभाग दोन असतात आणि दोन्हींना वेगवेगळे नियम लागू होतात.

पहिला पृष्ठभाग खालचा, मैदानाला टेकणारा. एफआरसीच्या नियमपुस्तिकेत वर्षानुवर्षे हे बंधन आहे, की मैदानाच्या कार्पेटवर जोर लावणाऱ्या किंवा रोबोला रोखून धरणाऱ्या भागांवर कार्पेट खराब करील असे काही नसावे. धातू, सँडपेपर, कडक प्लास्टिकचे खुंट, दाते आणि वेल्क्रोसारख्या आकड्यांच्या पट्ट्या यांची नावे त्यात घेतलेली असतात. रॅम्पचा पाय कार्पेटवर टेकून रॅम्पला सरकू देत नाही, म्हणजे तो रोखून धरणाऱ्या भागांतच मोडतो. तिथे खिळे किंवा वेल्क्रो लावण्याचा मोह पूर्ण सोडावा.

दुसरा पृष्ठभाग वरचा, ज्यावर पाहुणी चाके फिरणार. तो मैदानाला लागत नाही, म्हणून कार्पेटचा नियम त्याला लागू नाही असा युक्तिवाद काही संघ करतात. शब्दशः पाहिले तर त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्या रोबोला इजा करणारे भाग नसावेत हाही नियम असतोच, आणि पॉलिश पेपरवर फिरलेले चाक झिजते, त्याचे रबर निघते, कागदाचे दाणे सुटून कार्पेटवर पडतात. शिवाय धक्का लागून उघडलेला रॅम्प उलटा झाला तर ‘वरची’ बाजू थेट कार्पेटवर येते. तपासनीस हे सगळे पाहतो. माझे मत स्पष्ट आहे : नियमाच्या फटीतून पॉलिश पेपर पार करता आला तरी लावू नये. ज्या संघाने विश्वासाने तुमच्या रॅम्पवर रोबो घातला, त्याची चाके पुढच्या सामन्यासाठी खराब करून परत पाठवणे बरोबर नाही. बाथरूमच्या पायरीला लावतात ती काळी दाणेदार अँटी-स्किड टेप हीसुद्धा प्लास्टिकच्या पट्टीवर खर चिकटवलेला पॉलिश पेपरच आहे. नाव वेगळे म्हणून ती वेगळी ठरत नाही.

स्पर्धा बदलली की नियम बदलतो, हेही लक्षात असू द्या. कन्व्हेयरच्या पट्ट्यावर असते तसे खडबडीत उंचवट्यांचे ‘रफटॉप’ रबर एफआरसीच्या चाकांवर सर्रास दिसते. त्याच संस्थेच्या लहान रोबोंच्या एफटीसी या स्पर्धेत मात्र मैदानाच्या फोमच्या फरशा फाटतात म्हणून तशा जास्त पकडीच्या पट्ट्यांना अनेक हंगाम मनाई होती. वर्ष बदलले तरी नियम बदलतो. एफआरसीत २०१९ पासून काही हंगाम रोबोच्या वजनाची मर्यादा १२५ पौंड होती, २०२५ साली ती ११५ पौंडांवर आली. ज्येष्ठ विद्यार्थ्याने ‘आमच्या वेळी चालत होतं’ असे सांगितले तर ते ऐकावे, पण त्या आधारावर सामान विकत घेऊ नये.

चिकटपणाची गोष्ट वेगळी काढून सांगतो. रॅम्पवर गोंद, राळ, चिकट स्प्रे असे काहीही ओले किंवा ओलसर लावू नका. चाकांबरोबर ते मैदानावर जाते, आणि मैदानावर डाग किंवा थर राहणे कुठल्याच आयोजकाला चालत नाही.

आधी कोन, मग रबर

पकड कमी पडते आहे अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा दोष पृष्ठभागात नसतो, कोनात किंवा उंबऱ्यात असतो. त्यामुळे काहीही चिकटवण्याआधी हे तपासा.

चढावर न घसरता उभे राहायचे तर चाक आणि रॅम्प यांच्यातला घर्षणांक निदान चढाच्या टॅन्जंटइतका लागतो. १५ अंशांना ०.२७, २० अंशांना ०.३६, २५ अंशांना ०.४७ आणि ३० अंशांना ०.५८. हे आकडे सगळीच चाके मोटरीवर चालत असतील तेव्हाचे. पाहुण्याची दोनच चाके चालती असली आणि त्यांच्यावर निम्मेच वजन असले तर गरज दुप्पट होते. २० अंशांच्या चढाला ०.७३ लागतो. शिवाय चढताना वजन मागच्या चाकांकडे सरकते. म्हणून मागची चाके चालती असलेला रोबो सरळ चढवावा आणि पुढची चाके चालती असलेला उलटा, मागे घेत चढवावा. ही सूचना सामन्यापूर्वी जोडीदाराच्या चालकाला देणे म्हणजे फुकटात मिळालेली पकड आहे.

कोन कमी करायचा तर रॅम्प लांब करावा लागतो. १२ इंच, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर, चढवायचे असतील तर ३० अंशांना ६० सेंटिमीटर लांबी पुरते, २५ अंशांना ७१, २० अंशांना ८८ आणि १५ अंशांना ११६ सेंटिमीटर लागते. लांब रॅम्प घडी घालून मर्यादेत बसवणे अवघड, म्हणून संघ २५ अंशांच्या पुढे जातात आणि मग रबराकडून चमत्काराची अपेक्षा करतात. एक जास्तीचा सांधा देऊन रॅम्प दोन घड्यांचा करा, पण शक्यतो २० अंशांच्या आत राहा. रबरावर आठवडा घालवण्यापेक्षा ही मेहनत जास्त फळते.

आता उंबरा. रॅम्प संपून सपाट भाग सुरू होतो त्या कडेवर रोबोचे पोट टेकते. पोट टेकले की चाकांवरचा भार नाहीसा होतो आणि चाके फिरत राहतात. बघणाऱ्याला वाटते पकड गेली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ६० सेंटिमीटर असेल तर २० अंशांच्या कडेवर पोटाखाली सुमारे ५.३ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, १५ अंशांना सुमारे ४. हिशेब असा : चाकांमधल्या अंतराचे निम्मे गुणिले कोनाच्या निम्म्याचा टॅन्जंट. बहुतेक पाहुण्यांकडे एवढी जागा नसते. त्यावर उपाय म्हणजे वरच्या कडेला एकदम वळण न देता मधे १० अंशांचा एक छोटा तुकडा द्यावा. खालच्या टोकाला उलटे होते, तिथे रोबोचा पुढचा बंपर रॅम्पवर आपटतो आणि पुढची चाके टेकतच नाहीत. तिथेही सुरुवातीचा हातभर भाग कमी चढाचा ठेवला की अडचण सुटते.

रॅम्प स्वतः सरकतो त्याचीही कारणे समजून घ्या. पाहुण्याची मागची चाके अजून जमिनीवर आहेत आणि पुढची रॅम्पवर, अशा वेळी मागून येणारा जोर रॅम्पला तुमच्या रोबोकडे ढकलतो. पूर्ण वर आल्यावर चालकाने एकदम वेग घेतला तर रॅम्पला उलट दिशेने, बाहेर झटका बसतो. पहिल्यासाठी तुमचा रोबो ब्रेकवर असावा आणि बिजागरी भक्कम असावी. दुसऱ्यासाठी रॅम्पच्या पायाखाली मऊ, गुळगुळीत रबराची रुंद पट्टी असावी. दाते नसलेले मऊ रबर कार्पेटला इजा करत नाही आणि पाहुण्याचे वजन आले की चांगले धरते. एफआरसीचा रोबो बॅटरी आणि बंपरसह ६० किलोच्या वर सहज जातो. तेवढा भार तुमच्या पायाला आयताच मिळतो.

काय लावावे

सगळ्यात कमी लक्ष जाते असा पर्याय आधी सांगतो : कार्पेट. ज्या मैदानावर खेळ होतो त्यावर कार्पेट असेल तर प्रत्येक संघाने आपली चाके कार्पेटवर धरतील अशीच निवडलेली असतात. रॅम्पवर तसेच नीडल पंच कार्पेट, मंडपवाले जमिनीवर अंथरतात त्यातले दाट विणीचे, ताणून बसवले तर पाहुण्या चाकांना सरावातली जमीनच मिळते. ते हलके असते, स्वस्त असते, चाक झिजवत नाही आणि तपासनीसाला हरकत घ्यायला जागा ठेवत नाही. कडा मात्र पट्टी मारून दाबाव्या लागतात, नाहीतर चाकाखाली सुरकुती पडते. कमी चढाच्या रॅम्पला माझी पहिली शिफारस हीच.

चढ जास्त असेल तर रबर. साधी रबर शीट घेताना जाडीइतकाच कडकपणा पाहा. दुकानदार ‘शोअर’ आकडा सांगतो. ४० ते ६० च्या दरम्यानचे रबर नखाने दाबले तर किंचित दबते, ते घ्या. ८० च्या आसपासचे कडक रबर टिकते खूप, धरते कमी. तेलकट जागेसाठी बनवलेली नायट्राइल शीट आपल्याला लागत नाही. वजनाचा हिशेब टाळू नका. भरीव रबराची घनता १.५ धरली तर ३ मिलिमीटर शीटचा एक चौरस मीटर साडेचार किलो भरतो. ९० सेंटिमीटर लांब आणि ३५ रुंद अशा दोन पट्ट्यांना ०.६३ चौरस मीटर लागते, म्हणजे २.८ किलो. वजनाच्या मर्यादेला टेकलेल्या रोबोला हे परवडत नाही.

म्हणून पूर्ण शीटऐवजी आडव्या पट्ट्या. ट्रकमध्ये म्हैस चढवायच्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, तीच युक्ती. फक्त अंतर चाकाच्या मापाने ठरवायचे. १० सेंटिमीटर व्यासाचे चाक ३ मिलिमीटर उंचीच्या दोन पट्ट्यांमध्ये खालच्या पत्र्याला टेकू नये असे वाटत असेल तर पट्ट्यांमधली मोकळी जागा ३४ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. पट्टी २ मिलिमीटरची असेल तर २८ पेक्षा कमी. २५ मिलिमीटरची पट्टी आणि २५ मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली की १० सेंटिमीटरचे चाक सदैव रबरावरच राहते आणि वजन निम्म्यावर, १.४ किलोवर येते. पाहुण्याची चाके याहून लहान असू शकतात, तेव्हा २० मिलिमीटरची मोकळी जागा अधिक सुरक्षित. पट्ट्यांची उंची ५ मिलिमीटरच्या पुढे नेऊ नका. लहान चाके प्रत्येक पट्टीवर अडखळतात आणि मोटर तापते.

असे रबर आपल्या भागात शोधायला फार लांब जावे लागत नाही. इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. मागावर विणलेले कापड पुढे ओढणारा जो रोलर असतो, त्यावरून कापड घसरू नये म्हणून त्याला एमरीची किंवा बारीक दाणे उठवलेल्या रबराची अरुंद पट्टी गुंडाळतात. एमरीची पट्टी म्हणजे पुन्हा पॉलिश पेपर, ती नको. रबराची मात्र आपल्या कामासाठी जणू मापाने कापलेलीच मिळते : अरुंद, पातळ, लवचिक आणि कापडाला इजा न करता धरण्यासाठीच बनवलेली. जी वस्तू तलम सुताला ओरखडा येऊ देत नाही, ती रोबोच्या चाकालाही सांभाळते. पोती किंवा खोकी चढावरून वर नेणाऱ्या कन्व्हेयरवर खडबडीत रबराचा पट्टा असतो. साखर कारखाने आणि गोदामे असलेल्या आपल्या तालुक्यात त्याचे उरलेले तुकडे मिळू शकतात. पट्टा जुना असेल तर त्यावर साखरेचा किंवा तेलाचा थर नाही ना ते पाहा आणि आतल्या कापडाचे थर सोलून वजन कमी करा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूर रस्त्याला टायर रिमोल्ड करणाऱ्यांकडून रबराची कात्रणे घेता येतील. मागायला लाजू नका. शाळा-कॉलेजच्या रोबोसाठी हवे आहे असे सांगितले की आपल्याकडचे कारखानदार बहुधा रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या कप्प्यात अंथरतात ती जाळीदार फोमची अँटी-स्लिप मॅट अतिशय हलकी असते आणि लहान रोबोंसाठी उत्तम काम देते. व्हेक्स स्पर्धेच्या अधिकृत सामानातच अशी मॅट मिळते. ६० किलोच्या रोबोखाली मात्र ती फाटून चाकात गुंडाळते, तिथे वापरू नये.

आणखी एक स्वस्त उपाय : सिलिकॉन सीलंटच्या आडव्या रेघा. खिडक्यांना लावतात तेच. पत्रा स्वच्छ करून दोन-अडीच सेंटिमीटरवर सरळ रेघा ओढायच्या आणि किमान २४ तास हात लावायचा नाही. वाळल्यावर ते चिकट राहत नाही, रबरच होते. टिकाऊपणा बेताचा, पण एका दिवसाच्या स्पर्धेला पुरतो, आणि वजन जवळजवळ नाही.

धातूकडे वळण्याआधी दोनदा विचार करा. चेकर प्लेटवरचे उंचवटे बुटाला धरतात. रोबोच्या चाकाखाली ते गुळगुळीत आणि कडकच असतात, आणि प्लेट जड. ताणून बनवलेली जाळी खूप धरते, पण तिच्या कडा करवतीसारख्या असतात; चाकाचे रबर कापले जाते आणि ओमनी चाकाची छोटी रोलरे जाळीत अडकतात. भोके पाडलेला पत्रा, भोकांच्या कडा गोल केलेल्या असतील तरच, एक वेळ चालेल. तपासनीस अशा पत्र्यावरून बोट फिरवून पाहतो. तुम्ही ते आधी स्वतः फिरवून पाहा.

रॅम्पच्या बाजूला चाक खाली पडू नये म्हणून कड लावली असेल तर तिला पकड मुळीच देऊ नका. ती गुळगुळीतच असावी. कडेवर रबर लावले तर तिरपे आलेले चाक तिच्यावर चढते आणि रोबो उलटतो. पकड फक्त चाकाच्या वाटेत. वरच्या सपाट भागाच्या टोकाला मात्र एक बुटका अडसर द्यावा, म्हणजे मोटरी बंद झाल्यावर रोबो मागे घरंगळत नाही.

चिकटवणे

चांगले रबर निवडूनही रॅम्प फसतो तो चिकटवण्यात. चढणारे चाक पट्टीला चढाच्या उलट दिशेने, खाली ढकलते. पहिली पट्टी, जिथे चाक जमिनीवरून येऊन आदळते, ती सगळ्यात आधी उकलते. तिला पृष्ठभागावर नुसती चिकटवू नका. रॅम्पच्या खालच्या काठावरून ती मागे दुमडून घ्या आणि खालच्या बाजूने रुंद वॉशर घालून रिव्हेट मारा. रिव्हेटचे डोके कार्पेटला लागणार नाही अशी खाच ठेवा किंवा त्यावर पायाचे रबर आणा.

प्लाय किंवा अॅल्युमिनियमवर रबर लावायला सुतार सनमायकासाठी वापरतात तो एसआर प्रकारचा गोंद चांगला. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा, पुसा, दोन्हींवर पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा झाला की जोडा आणि रोलरने दाबा. घाईने ओल्या गोंदावर जोडले तर मधे फुगा राहतो. रॅम्प पॉलिकार्बोनेटचा असेल तर हा गोंद टाळा; त्यातल्या द्रावकाने शीटला बारीक तडे जातात आणि पाहुणा वर असताना ती फुटू शकते. तिथे चांगली दुहेरी टेप आणि कडेने रिव्हेट हाच मार्ग. अॅक्रिलिकचा रॅम्प मुळात बनवूच नका, तो काचेसारखा फुटतो. झटपट गोंदाचा थर कडक होतो आणि रॅम्प वाकला की पट्टी सुटते, म्हणून तो फक्त सामन्यांमधल्या दुरुस्तीपुरता.

चाचणी घ्या, अंदाज नको

घर्षणांक पुस्तकातून घेऊ नका, मोजा. निवडलेले रबर लावलेली मीटरभर फळी घ्या, तिच्यावर चाके अडवलेला रोबो ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. घसरायला लागेल त्या क्षणी थांबा. टोकाची उंची भागिले जमिनीवरचे आडवे अंतर, हाच घर्षणांक. उंची ४५ आणि आडवे अंतर ८९ सेंटिमीटर आले तर तो ०.५ आहे. निम्म्याच वजनावर चालणारा पाहुणा आला तर त्याला उपयोगी पडणार निम्मा, ०.२५, म्हणजे तो १४ अंशांपर्यंतच टिकेल. तुमचा रॅम्प २० अंशांचा असेल तर कोन कमी करा किंवा रबर बदला, तिसरा मार्ग नाही.

ही चाचणी आपल्या चाकांवर थांबवू नका. जवळच्या कॉलेजांतून, जुन्या रोबोंवरून वेगवेगळी चाके जमवा : मऊ रबराचे, कडक प्लास्टिकचे, ओमनी, मेकॅनम. मेकॅनमच्या तिरप्या रोलरांमुळे ती रॅम्पवर बाजूला सरकतात, त्यांच्यासाठी चाकांची वाट रुंद ठेवावी लागते. कोणते चाक कुठल्या कोनाला सुटते याचा तक्ता करा. सामन्यापूर्वी जोडीदाराच्या चाकांकडे एक नजर टाकली की ‘या, चढाल’ किंवा ‘नको, दुसरं काहीतरी करू’ हे प्रामाणिकपणे सांगता येते, आणि दोन्ही संघांचा वेळ वाचतो.

चाचणी धुळीतही घ्या. आपल्या कार्यशाळांत माती असते, इचलकरंजीकडे हवेत कापसाचे तंतू असतात, आणि स्पर्धेच्या मैदानावर कार्पेटचे धागे सुटतात. रबरावर हा थर बसला की पकड झपाट्याने उतरते. प्रत्येक सामन्यापूर्वी रॅम्प ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. तेलकट डाग असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल. चाकेही पुसा, पाहुण्याचीसुद्धा, त्यांची परवानगी घेऊन.

जाता जाता आपल्या भागात तांत्रिक महोत्सव भरवणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. रोबो रेसच्या ट्रॅकवर प्लायचे चढ करून त्यांना ऑइल पेंट देऊ नका किंवा सनमायका लावू नका. त्यावर चांगला रोबोही घसरतो आणि स्पर्धा नशिबाची होते. चढाचा कोन आणि वरचा पृष्ठभाग कोणता हे नियमपत्रकात छापा, आणि शक्य असेल तर त्याचा एक तुकडा आधी पाहायला ठेवा.

तपासणीला जाताना लावलेल्या साहित्याचा वीतभर तुकडा, खरेदीची पावती आणि रॅम्प उघडा-बंद असे दोन फोटो सोबत असू द्या. साहित्याबद्दल शंका असेल तर ती आयोजकांना लेखी विचारा. मोठ्या स्पर्धांत प्रश्नोत्तरांची अधिकृत सोय असते. प्रश्न विचारताना साहित्याचे बाजारातले नाव न देता त्याचे वर्णन द्या : कशाचे बनले आहे, दाणे आहेत का, ते सुटतात का, कशाने चिकटवले, मैदानाला लागते का. उत्तराची छापील प्रत नियमपुस्तिकेच्या ताज्या आवृत्तीबरोबर फाइलमध्ये ठेवा, आणि साध्या रबराच्या पट्ट्यांचा एक जादा संच, कापून, भोके पाडून, रोबोच्या पेटीत टाकूनच स्पर्धेला निघा.